डावा कोपरा

बानाची कंबर नेमकी कधी दुखायला लागली, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

मंडळातल्या बाकीच्या पोरींच्या दुखण्याला दिवस होता, जागा होती, बघणारे होते. कप्तान आशाचा गुडघा जालन्याच्या स्पर्धेत गेला, तेव्हा अख्ख्या मैदानानं तिची किंकाळी ऐकली होती. पोरींनी तिला उचलून बाहेर नेलं, नानासाहेबांनी स्वतःच्या टॉवेलात बर्फ बांधला, आणि पुढं कितीतरी दिवस जो भेटेल तो तिला त्याच चढाईची हकीकत विचारायचा. आशाही ती रंगवून सांगायची. बानाकडं सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ती पडली नव्हती, कुणी तिच्यावर आदळलं नव्हतं. सरावाहून आल्यावर पाय धुवायला वाकली आणि कमरेच्या खालच्या बाजूला काहीतरी टोचलं, एवढंच. तिनं हात फिरवला आणि विसरून गेली. पुढं ते रोज टोचायला लागलं, आणि एका थंडीत ते टोचणं जाऊन तिथं ठणका बसला.

"कुठं पडलीस?" नानासाहेबांनी विचारलं.

"पडले नाय, सर."

"मग काय झालं?"

"झालं काय नाय. दुखायलंय नुसतं."

"काही झालं नाही तर दुखेल कसं?" नानासाहेबांनी शिट्टी तोंडाला लावता लावता म्हटलं. "तेल लाव रात्री. कमरा सगळ्यांच्याच दुखतात, बाने."

ते खोटं बोलत नव्हते. कमरा सगळ्यांच्याच दुखत होत्या.

बाना करमाडच्या पलीकडच्या एका धनगरवस्तीतली. बाप त्रिंबक मेंढरं राखायचा. आई सरूबाई कधी मेंढरांमागं असायची, कधी दुसऱ्याच्या शेतात. कळपातून पळणारं मेंढरू मागच्या पायाला धरून जागच्या जागी थांबवायचं, हे बानाला कुणी शिकवलं नव्हतं. चालायला यायला लागलं तसं तेही आलं. पुढं शाळेच्या स्पर्धेत तिनं एका धिप्पाड पोरीचा घोटा तसाच धरला आणि पंच म्हणून आलेले नानासाहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. नानासाहेब शहरातल्या एका शाळेत खेळाचे मास्तर होते. घरची चांगली बागायत शेती भावांवर सोडून हा माणूस गारखेड्यात मुलींचं कबड्डीचं मंडळ चालवत होता. लग्न केलं नव्हतं, दुसरा नाद नव्हता. ते वस्तीवर आले, बाजेवर टेकले, शेळीच्या दुधाचा चहा प्याले आणि त्रिंबकाला म्हणाले, "पोरगी माझ्याकडं द्या. हिच्या हाताला गुण आहे."

त्रिंबक बराच वेळ काठीनं माती उकरत बसला. मग म्हणाला, "न्या. पर नीट बघा तिच्याकडं. आमच्यात पोरीला असं धाडत नाय कुणी."

नानासाहेबांनी तिला डाव्या कोपऱ्यात उभं केलं. कबड्डीत बचावाच्या पोरी हातात हात धरून कमान करतात, आणि कमानीच्या टोकाला असते ती सगळ्यांत खाली वाकलेली. कमरेत दुमडायचं, एक पाय पुढं ठेवायचा, नजर चढाईवालीच्या पावलावर. पाऊल टप्प्यात आलं की खाली झेपावून घोटा धरायचा, आणि अंगाला पीळ देत, पाठ मागं ताणत तिला आपल्या अंगावर ओढायचं. हे सगळं बाना एकाच बाजूनं करायची, सकाळी आणि संध्याकाळी, शाळा सुटली आणि कॉलेज लागलं तरी. नानासाहेबांनी वाळू भरून एक पोतं शिवून घेतलं होतं. ते दोरीनं ओढलं जायचं. त्यावर झडप घालायची, उचलायचं, मागं फेकायचं. बाकीच्या पोरी दमल्या की बसायच्या. बाना बसायची नाही. तिला वाटायचं, आपण बसलो तर सर आपल्याला वस्तीवर परत सोडून येतील.

ठणका वाढला तशी ती सणाला गावी गेली तेव्हा आईला म्हणाली, "माय, कंबर लई दुखायलीय."

सरूबाई चुलीपुढं बसली होती. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "बाईची कंबर हाय ती. दुखंल नाय तर काय करंल? माझी तू पोटात होतीस तवापासून दुखायलीय."

बानानं चुलीतलं सरपण पुढं सरकवलं.

विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. परभणीत राज्याच्या संघासाठी निवड चाचणी होती. राज्याकडून खेळलेल्या पोरींना रेल्वेत, पोलिसांत घेतात, हे मंडळातल्या प्रत्येकीला पाठ होतं. बानानं शर्टाच्या आत कमरेला ओढणी करकचून बांधली आणि खेळली. चांगली खेळली. शेवटच्या सामन्यात नागपूरकडच्या एका नावाजलेल्या पोरीचा घोटा तिच्या हातात आला, तिनं पीळ दिला, पाठ ताणली, पकड झाली, शिट्टी वाजली. लोक ओरडले. बाना मात्र उठलीच नाही. डावा पाय आहे की नाही, तेच तिला कळेना. आशानं हात देऊन उठवलं आणि कानात म्हणाली, "नाटकं नको करू गं. जिंकलोय आपण."

परतीच्या प्रवासात ती बसच्या दांड्याला धरून उभीच राहिली. बसायचं धाडस झालं नाही. सकाळी खोलीत जाग आली तेव्हा तिला कूस बदलता येईना.

गारखेड्यात तिची पत्र्याची एक खोली होती. पुढच्या अंगाला मालकीण द्वारकाबाई राहायची, एकटी विधवा बाई. बोलायला तुसडी, पण कान तिखट. बाना नळावर आली नाही, हे तिच्या लक्षात आलं. तिनं दार ढकललं, पोरीकडं बघितलं, आणि तशीच रिक्षा आणायला गेली.

सरकारी दवाखान्यात हाडांची डॉक्टरीण होती. वयानं तरुण, डोळ्यांखाली जाग्रणाची काळी वर्तुळं. तिनंही पहिल्यांदा तेच विचारलं.

"पडलीस कधी?"

"नाय."

बानाला वाटलं, आता ही पण तेल लाव म्हणणार. पण डॉक्टरीण म्हणाली, "खेळतेस ना? उभी कशी राहतेस, दाखव."

बाना भिंतीला धरून कशीबशी कोपऱ्यातल्यासारखी वाकली. डॉक्टरीण आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं बघत राहिली. मग तिनं बानाला सरळ केलं, डाव्या पायावर उभं राहून मागं वाकायला सांगितलं. बानाच्या तोंडून आवाज निघाला आणि तिनं टेबल धरलं. मग फोटो काढायला पाठवलं. सरळ, आडवा, आणि तिरका.

"हे बघ." डॉक्टरिणीनं फिल्म उजेडावर धरली. करड्या हाडात केसाएवढी काळी रेघ होती. "कमरेच्या शेवटच्या मणक्यावर सगळ्या पाठीचा भार येतो. त्याच्या मागच्या बाजूला हा तडा गेलाय. याला पडावं लागत नाही. रोज तोच पीळ, रोज तोच ताण. हाड भरून यायच्या आत तू परत तेच करत होतीस."

बानाला मेंढीचा दोर आठवला. खुंट्याशी जिथं वेढा बसतो तिथंच तो विरत जातो. बाकीचा दोर धडधाकट असतो आणि एका सकाळी मेंढी सुटलेली असते. ती रडायला लागली. डॉक्टरिणीला वाटलं, दुखतंय म्हणून रडतेय. तिनं पाठीवर हात ठेवला. बाना रडत होती ती वेगळ्याच कारणानं. तिचं दुखणं खरं होतं. ते दिसत होतं.

पट्टा मिळाला. वाकायचं नाही, उचलायचं नाही, खेळायचं तर नावच काढायचं नाही, असं पावसाळा संपेपर्यंत. नानासाहेबांनी फिल्म हातात घेऊन खूप वेळ पाहिली. "ही एवढीशी रेघ?" ते म्हणाले. आवाजात कुत्सितपणा नव्हता, नुसतं नवल होतं. तिचं नाव राज्याच्या संघात आलं होतं. ते त्यांनी स्वतःच्या हातानं मागं घेतलं.

सरूबाई येऊन राहिली, पण मेंढरं गोदावरीच्या काठाला न्यायची वेळ झाली होती. ती गेली. जाताना लेकीच्या उशाशी भाकरीची चवड ठेवून म्हणाली, "पडून राहा. मला तर कुणी पडू नाय दिलं."

मग बाना पडून राहिली.

पत्रा दुपारी तापायचा. मैदान दोन गल्ल्या सोडून होतं. संध्याकाळी वारा तिकडून असला की सरावाचा आवाज यायचा. नुसत्या गलक्यावरून तिला कळायचं की कुणाची पकड झाली, कोण निसटलं. आवाज ऐकू येऊ नये म्हणून ती दार लावायची. मग खोलीत गुदमरायला व्हायचं आणि ती परत उघडायची. पोरी पहिल्यांदा घोळक्यानं आल्या, फळं घेऊन आल्या. खाटेच्या कडेला बसून त्यांनी मैदानातल्या गोष्टी सांगितल्या. पुढं दोघी-तिघी यायला लागल्या.

"कशी हायस?"

"बरी हाय."

"दिसतीस तर चांगली."

प्लास्टर असतं तर त्यावर बोटानं टकटक केलं असतं, कुबड्या असत्या तर त्या घेऊन कुणीतरी चालून दाखवलं असतं. इथं बघण्यासारखं काहीच नव्हतं. एक धडधाकट पोरगी भरदिवसा झोपलेली, एवढंच दिसायचं. हळूहळू कुणी येईनासं झालं. त्यांनी काही मनात धरलं होतं असंही नाही. त्यांच्या दिवसात तिला ठेवायला जागा उरली नव्हती. द्वारकाबाई सकाळी चहा आणून ठेवायची आणि कप परत न्यायला आली की दारातच उभी राहून रस्त्याकडं बघत थोडं थांबायची. तेवढंच माणूस.

दिवाळीच्या सुमाराला ठणका गेला. डॉक्टरिणीनं पोटाचे, मांड्यांचे व्यायाम शिकवले होते, ते बाना इमानानं करत होती. खेळायला परवानगी मिळाली, पण जपून, थोडं थोडं, आणि दोन्ही बाजूंनी. बाना मैदानावर गेली तर डाव्या कोपऱ्यात कस्तुरा उभी होती.

कस्तुरा बिडकीनकडच्या शेतकरी घरातली, बानापेक्षा लहान, काटक, हसरी. नानासाहेबांनी तिला नुकतंच आणलं होतं. बानाला त्यांनी राखीव बाकावर बसवलं आणि म्हणाले, "ही पोरगी तुझ्याच खोलीत राहील. तिला जरा सांभाळून घे."

खरं सांगायचं तर बानाला ती पहिल्यांदा डोळ्यांसमोर नको होती. पण एका खोलीत राहणाऱ्या माणसावर किती दिवस राग धरणार? कस्तुरा सकाळी उठल्याबरोबर बोलायला सुरुवात करायची ती झोपेपर्यंत. गावातली भांडणं, बहिणीची सोयरीक, एसटीत भेटलेली बाई, तिला सगळ्याचं हसू यायचं. बानाचे केस विंचरून द्यायची, तिला "बानाक्का" म्हणायची, पापड भाजताना एक आधी तिच्या हातात द्यायची. इतके महिने गप्प असलेल्या त्या खोलीत बानाला आपला स्वतःचा हसण्याचा आवाज ऐकू आला आणि ती चपापली. ती मैदानातून कस्तुराच्या आधी परतायची आणि रस्त्याकडं कान लावून बसायची.

थंडी सरत आली तेव्हा तिनं ते पाहिलं. दोन चढायांच्या मधल्या वेळात कस्तुराचा डावा हात कमरेच्या खाली गेला, अंगठ्यानं एक जागा दाबली आणि परत पुढं आला.

बाना बाकावर बसली होती. तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. तिला आनंद झाला होता. जागा परत मिळेल. हा विचार येऊन गेला आणि मग तिला स्वतःची इतकी किळस आली की ती पाणी प्यायच्या निमित्तानं उठून गेली.

म्हणूनच ती बरेच दिवस गप्प राहिली. आपण बोलायला निघालो तर नेमकं कशासाठी निघालो, हे तिचं तिला कळेना. पण सकाळी कस्तुरा उठताना आधी कुशीवर वळायला लागली, मग भिंतीला पंजा लावून अंग उचलायला लागली. बडबड कमी झाली. बाना अंथरुणात डोळे मिटून ऐकायची. ते सगळे आवाज तिला पाठ होते.

"कधीपासून दुखायलंय?" तिनं एका दुपारी विचारलं.

"काय? काय नाय दुखत."

"कस्तुरे, मला नको शिकवू."

कस्तुरा भिंतीला टेकून बसली. तिचं हसू गेलं. "निवड हुईपर्यंत कुणाला सांगू नको, बानाक्का. सर म्हणले, यंदा माझं नाव नक्की हाय. माझ्या पायात मुंग्या येत्यात कधी कधी, तेवढंच. नोकरी लागली की मग झोपते वर्षभर."

"डॉक्टरिणीला दाखवून तर ये. मी येते संगं."

"दाखवलं की ती खेळू देणार नाय. तुला दिलं का?"

बाना नानासाहेबांकडं गेली. ते मैदानाला चुना मारत होते. तिनं सगळं सांगितलं. हात कुठं जातो ते, सकाळचं उठणं, पायातल्या मुंग्या. नानासाहेबांनी चुन्याचं डबडं खाली ठेवलं.

"ती मला काही बोलली नाही."

"मी पण कुठं नीट बोलले होते, सर? आन् बोलले तवा तुम्ही तेल लाव म्हणलात."

हे नको होतं बोलायला. त्यांचा चेहरा बदलला. "बाने, तुझी जागा गेली याचं मला वाईट वाटतं. मनापासून वाटतं. पण म्हणून दुसरीच्या पायात पाय घालू नको. तुला शोभत नाही."

बाना तशीच उभी राहिली. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बाकावरचा तो क्षणभराचा आनंद आठवला. तिला मान खाली घालावी लागली. नानासाहेबांना त्यातच उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं बिडकीनला उतरली आणि विचारत विचारत कस्तुराच्या गावी गेली. कस्तुराची आई आवडाबाई शेतात कापूस वेचत होती. बानानं ओळख सांगितली. आवडाबाईनं बांधावर बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "लेकी, कंबर तर माझीबी दुखती. पोरीच्या जातीला ते चुकलंय का?"

"माय, हे तसं दुखणं नाय." बानाचा आवाज चढला. "मला माझ्या मायनं हेच सांगितलं. मग मी खेळत राहिले. मग मला मोरीत जायला मालकीणबाईच्या खांद्याचा आधार लागायला लागला. पाय हाय का नाय कळंना मला. लेकीला एकदा दाखवा. काय निघालं नाय तर मला दारात उभं करू नका परत."

आवडाबाईनं ओटीतला कापूस पोत्यात रिकामा केला, कमरेवर हात ठेवून सावकाश उभी राहिली, आणि उभं राहताना तिच्या कपाळावर जी आठी पडली ती बानानं पाहिली.

दोनच दिवसांनी आवडाबाई शहरात आली. सराव चालू असताना ती सरळ मैदानात घुसली आणि सगळ्यांसमोर लेकीचा दंड धरला. नानासाहेब काही बोलायला गेले. "पोरगी माझी हाय, मास्तर," ती म्हणाली, आणि कस्तुराला रिक्षात घातलं.

मणक्याला दोन्ही बाजूंनी तडे होते. डॉक्टरीण म्हणाली, एवढ्यावर आलात म्हणून बरं. आणखी खेळली असती तर मणका पुढं सरकला असता, मग शस्त्रक्रियेशिवाय इलाज नव्हता. बानापेक्षाही जास्त दिवस झोपावं लागणार होतं. निवड चाचणी पुढच्याच आठवड्यात होती.

कस्तुरा सामान न्यायला आली तेव्हा आई बाहेर रिक्षात थांबली होती. पट्टा बांधल्यामुळं तिला ट्रंक उचलता येईना. बाना पुढं झाली.

"हात नको लावू."

"कस्तुरे, मी तुझ्यासाठीच—"

"मी तुला सांगितलं होतं का नाय?" कस्तुराचा आवाज बारीक निघाला. "सांगितलं होतं ना, कुणाला बोलू नको? कुणापुढं बोलले नव्हते ते तुझ्यापुढं बोलले. आन् तू गावापर्यंत गेलीस. तुझं गेलं ते माझं पण जाऊ दे, असंच ना?"

बाना म्हणाली, "नाय." पण ते इतकं हळू निघालं की तिला स्वतःलाही ते पटेना.

ट्रंक शेवटी द्वारकाबाईनं उचलली.

चाचणीत मंडळाची एकही पोरगी निवडली गेली नाही. कोपऱ्यात ऐनवेळी आशाला उभं केलं होतं आणि तिचा जुना गुडघा टिकला नाही. त्यानंतर बाना मैदानावर आली की पोरी बोलणं थांबवायच्या. कुणी तिला टाकून बोललं नाही. नानासाहेबही नाही. ते फक्त संघ वाटून देताना तिचं नाव घेत नसत, दोन्ही बाजू भरल्या की शिट्टी वाजवत. बाना बाकावर बसायची, सराव संपला की उठायची. असं काही दिवस चाललं. मग एका संध्याकाळी ती गेलीच नाही, आणि का आली नाहीस म्हणून विचारायला कुणी आलं नाही.

तिनं चिकलठाण्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम धरलं. उभ्यानं काम होतं, पण वाकायचं नव्हतं. त्रिंबकानं वस्तीवर परत बोलावलं, स्थळं आणली. ती जाऊन भेटून यायची, राहायची मात्र शहरातच. वस्तीवरच्या बायकांना कबड्डी माहीत नव्हती आणि कारखान्यातल्या बायकांना तिनं कधी सांगितली नाही. द्वारकाबाईकडून अधूनमधून मैदानाची खबर कानावर यायची. वाळूचं पोतं सरांनी फेकून दिलं, म्हणे. आता पोरींना दोन्ही कोपऱ्यांत आलटून पालटून उभं करतात, आणि आठवड्यातून एक दिवस सराव बंद. "का ते कुणाला सांगत नाय मास्तर," द्वारकाबाई म्हणाली. बानानं ऐकलं आणि चहाचा कप धुवायला घेतला. एकदा तिला वाटलं होतं, जाऊन यावं. मैदानाच्या कोपऱ्यापर्यंत गेलीही. आत नव्या पोरी होत्या, एकही ओळखीची नव्हती. ती परत फिरली.

कस्तुरा तिला भेटली ती कितीतरी वर्षांनी, क्रांती चौकात, शहर बसच्या थांब्यावर. भर दुपार होती. कस्तुराच्या कडेवर एक गुटगुटीत पोरगी होती आणि दुसऱ्या हातात भाजीची जड पिशवी. दोघींनी एकमेकींना एकदमच पाहिलं, त्यामुळं न पाहिल्यासारखं करायची सोय राहिली नाही.

"पाठ कशी हाय?" बानानं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"बरी हाय. हिला दिवसभर घेऊन फिरते." कस्तुरानं पोरीला थोडं वर सरकवलं. अगदी सहज, पाठीचा विचारही न करता.

रिक्षावाले ओरडत होते. 

"त्या साली माझ्या जागी जी गेली ना, ती रेल्वेत लागली," कस्तुरा म्हणाली. "माहीत हाय का तुला?"

"माहीत हाय."

"डॉक्टरिणीनं मायला सगळं समजावून सांगितलं होतं. मला पण समजतंय की. हे लेकरू मला उचलता आलं नसतं, हे बी समजतंय. पर सकाळी डबे भरताना वाटतं, तू आली नसतीस तर? काय सांगावं, काहीच झालं नसतं. खेळले असते, लागले असते नोकरीला. असं बी झालं असतं ना?"

बानाला नाही म्हणता आलं असतं. डॉक्टरिणीनं दाखवलेली रेघ तिच्या डोळ्यांसमोर होती. पण ती म्हणाली, "झालं असतं. काय सांगावं."

कस्तुरानं पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. "तुझं वाईट चिंतत नाय मी, बानाक्का. खरंच नाय. पर तुझ्याशी बोलायला जीभ वळत नाय माझी. काय करू?"

"नको बोलू," बाना म्हणाली. "चालतंय."

बस आली. गर्दीत बानानं भाजीची पिशवी धरायला हात पुढं केला, पण कस्तुरानं ती आधीच पायरीवर ठेवली होती. ती चढली, खिडकीशी जागा मिळाली, पोरीला मांडीवर घेतलं आणि समोर बघत बसली. पोरगी मात्र काचेला नाक लावून खाली उभ्या असलेल्या अनोळखी बाईकडं टक लावून बघत होती. बानानं हात हलवला. पोरीनं हलवला नाही. फक्त बघत राहिली, बस जालना रोडला लागेपर्यंत.